दुसऱ्या मनगटावरचं काकण

डोहाळजेवणाचा पहिला घास समृद्धीच्या तोंडात गेला आणि तिच्या मनगटावरचं काकण थरथरलं.

घास आमरसात बुडवलेल्या मांड्याचा होता. सासूबाई सुवर्णाताईंची धाकटी जाऊ शैला तो भरवत होती. पाचोऱ्यात हल्ली चैत्रापासूनच दुपारी कुणी घराबाहेर पडत नसे, म्हणून कार्यक्रम सकाळीच ठेवलेला. फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर हिरवी साडी नेसून समृद्धी बसली होती. हातभर हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्यातच ते दवाखान्याचं काकण. तेही हिरवंच. दुसऱ्या घासाला ते पुन्हा थरथरलं, आणि त्याच्या कडेने लाल रेघ पेटली.

"अगं बाई, हे तर रागावलं तिच्यावर," शैला म्हणाली.

"रागावू दे. आपण सांगून ऐकत नाही, त्याचं तरी ऐकेल," शेजारच्या करवा वहिनी म्हणाल्या. "सुवर्णाताई, झोपाळ्याच्या कड्या तपासून घेतल्यात ना? दोघांचं वजन आहे हो."

"दोघांचं कसलं, चौघांचं म्हणा," मागून कुणीतरी म्हणालं.

बायका हसल्या. समृद्धीही हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. निनाद होता, तिचा नवरा, सुवर्णाताईंचा एकुलता एक मुलगा. होसूरला बॅटरीच्या कारखान्यात नोकरीला. काकणाचे आकडे त्याच्या फोनवर दिसायचे.

"समू, काय खातेयस? इथे लाल दिसतंय. अगं, थोडा तरी ताबा ठेव."

फोनचा आवाज मोठा होता. सगळ्यांनी ऐकलं. समृद्धी "ओटीची तयारी करा तोवर, मी पाणी पिऊन येते" असं म्हणत उठली आणि स्वयंपाकघरात गेली. सुवर्णाताई मागोमाग गेल्या, तर पोरगी ओट्याला टेकून उभी, काकण काढून हातात धरलेलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आई, एक घास मी माणसासारखा खाऊ का हो? नुसता एक."

काकणाचं शास्त्र सुवर्णाताईंना ठाऊक नव्हतं असं नाही. नगरपालिकेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शिवाय दवाखान्यातल्या डॉक्टर तांबोळींनी पहिल्याच भेटीत सासूसुनेला समोर बसवून सगळं नीट समजावलं होतं.

"वजन जास्त असणं हा काही गुन्हा नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पण गर्भारपणात बाईचं हृदय एरवीच्या जवळजवळ दीडपट रक्त फिरवतं. ज्या हृदयावर आधीच ओझं आहे, त्याच्यावर हे आणखी. आणि दुसरी गोष्ट वारेची. बाळ ज्या वारेवर वाढतं, ती वार आईच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना रुंद करते. अरुंद बोळाचा हमरस्ता करते म्हणा. जास्तीच्या चरबीने अंगात आधीच एक बारीक दाह चालू असतो. तिथे हा रस्ता कधी कधी अर्धाच राहतो. वारेला रक्त पुरत नाही. मग उपाशी वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की अंगभर रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दाब चढतो, साखर चढते, आणि बाईला काही जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो."

त्यासाठी काकण होतं. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया, त्या कातडीखालची साखर बघत. नाडीच्या लाटेवरून रक्तदाब ओळखण्याची सोय. आणि समृद्धीच्या दंडात कातडीखाली औषधाची इवलीशी कुपी. काकण सांगणार, कुपी देणार. दाब चढला की त्याचं औषध थेंबाने वाढायचं, उतरला की कमी व्हायचं, साखरेचंही तसंच. मध्ये ना नर्स ना डॉक्टर. रंग हिरवा राहिला तर दवाखान्याची फेरीसुद्धा यंत्रच माफ करी. अनेक दिवस लाल राहिला तर मात्र गाडी यायची आणि बाईला जळगावच्या निगराणी कक्षात नेऊन ठेवायची, थेट बाळंत होईपर्यंत. काकण आल्यापासून जिल्ह्यात किती तरी आया वाचल्या होत्या. यात खोटं काही नव्हतं.

पण पहिल्या खेपेला समृद्धी त्याच कक्षात होती. पाचव्या महिन्यात तिथेच सगळं संपलं होतं. त्या खोलीचं नाव काढलं तरी ती उठून दुसरीकडे जायची.

सुवर्णाताईंनी सुनेच्या हातातलं काकण बघितलं.

"दे इकडे."

"आई, ते चालत नाही."

"तू अंगठा टेकव. मी हात घालते. ओटी भरून होईपर्यंत. मग घाल परत."

काढलेलं काकण पुन्हा सुरू करायला गर्भिणीचा अंगठा टेकवला की पुरत असे. बनवणाऱ्यांना वाटलं असेल, लेकराच्या जिवासाठी घालायचं काकण दुसरी बाई कशाला घालील. समृद्धीने अंगठा टेकवला. सुवर्णाताईंच्या वाळक्या मनगटावर काकण सैल बसलं, मग आपोआप आवळलं, आणि चार श्वासांत हिरवं झालं.

दुपारी निनादचा निरोप आला. "शाब्बास. बघ, मनात आणलं की जमतं."

समृद्धीने तो वाचून सासूला दाखवला. दोघी पोट धरून हसल्या.

सुवर्णाताईंचे नेम पहिल्यापासून कडक. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी कधी चुकली नाही. सुनेला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी देवापुढे हात जोडून एकभुक्त राहायचं ठरवलं. बाळंतपण सुखरूप होईपर्यंत दिवसातून एकदाच जेवायचं, संध्याकाळी एक केळं आणि पेलाभर ताक. कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलल्याने व्रताचं तेज जातं अशी त्यांची समजूत.

आणि आणखी एक समजूत होती, आईकडून आलेली. धाकटा भाऊ टायफॉइडने अंथरुणाला खिळला होता तेव्हा आईने त्याच्या तळहातावर पळीभर पाणी सोडून आपल्या सगळ्या सोमवारांचं पुण्य त्याला देऊन टाकलं होतं. भाऊ उठला. तेव्हापासून सुवर्णाताईंच्या मनात पक्कं बसलं की उपास एकाने करावा आणि फळ दुसऱ्याला लाभावं, यात नवल काही नाही. घरोघरी आया हेच तर करतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी समृद्धी बिचकत "आई, आज जरा वेळ..." म्हणाली तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हात पुढे केला. आधी जेवणापुरतं, मग दुपारभर. मग एका सोमवारी अंघोळीनंतर त्यांनी काकण घातलं ते काढलंच नाही. समृद्धीने आठवण केली, तर म्हणाल्या, "असू दे गं. तुझ्या वाटचा उपास मी करतेय. तू फक्त मजेत राहा."

आणि पोरगी खरंच खुलली. गंमत म्हणजे ती काही फार खात नव्हती. कुणी घास मोजत नाही म्हटल्यावर हावरेपणा आपोआप गेला. सकाळी भाकरी, दुपारी वरणभात, संध्याकाळी दोघी अंगणात पाणी मारून खुर्च्या टाकून बसत. समृद्धी बाळाची नावं सुचवायची.

"मुलगी झाली तर ओवी."

"आमच्या शाळेत एका वर्गात पाच ओव्या होत्या. दुसरं बघ."

"मग आई, तुम्हीच सांगा. पण देवाधर्माचं नको."

"मग मी काय सांगू? मला दुसरं येतं काय?"

निनाद रोज रात्रीच्या फोनवर बायकोचं कौतुक करायचा. साखर कशी छान, दाब कसा तरुण मुलीसारखा. दवाखान्यातून यंत्राचा निरोप आला की आकडे उत्तम असल्याने या खेपेची फेरी माफ आहे. पुढचीही माफ झाली. सुवर्णाताईंनी दोन्ही वेळा देवापुढे साखर ठेवली.

त्या घरात हळूहळू एक विचित्र गोष्ट घडत गेली आणि ती दोघींच्या लक्षात आली नाही. काकण सासूच्या हातात होतं, पण बोलताना आकडे सुनेचेच झाले. "आज तुझी साखर फार छान आहे हं," सुवर्णाताई स्वतःच्या मनगटाकडे बघून म्हणायच्या, आणि समृद्धी खूश व्हायची.

तिचे पाय सुजले. आठव्या महिन्यात कुणाचे सुजत नाहीत? तोंडावर गोलाई आली. शैला बघून म्हणाली, "मुलगी आहे गं नक्की, चेहरा बघ कसा भरलाय." अंगठी बोटात रुतायला लागली तेव्हा साबण लावून काढली आणि डब्यात ठेवून दिली.

मग एका रविवारी दुपारी समृद्धी भिंतीला धरत सुवर्णाताईंच्या खोलीत आली.

"आई, डोकं फुटतंय. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय."

सुवर्णाताई जप करत बसल्या होत्या. माळ न थांबवता त्यांनी डावा हात वर करून काकण बघितलं. हिरवं होतं. स्वच्छ, शांत हिरवं.

"काही नाही गं. सगळं ठीक दाखवतंय. ऊन लागलं असेल, नाहीतर पित्त. मी कोकमाचं सरबत देते, आणि निजून राहा."

"बरं," समृद्धी म्हणाली. ती त्या हिरव्या रंगाकडे क्षणभर बघत राहिली. तिलाही हायसं वाटलं. मग ती जाऊन निजली.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सुवर्णाताई तुळशीला पाणी घालून घरात आल्या तर न्हाणीघराच्या दाराशी समृद्धी पडलेली. डोळे वर गेलेले, दात आवळलेले, सगळं अंग ताठ होऊन हिसके देत होतं. ओठाच्या कोपऱ्यातून फेसाबरोबर रक्त. सुवर्णाताईंच्या हातातला तांब्या फरशीवर आपटला. करवा वहिनींनी भिंतीपलीकडून आवाज ऐकला, त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिकेत समृद्धीला दुसरा झटका आला. सुवर्णाताई तिचं डोकं मांडीवर धरून नाव घेत होत्या, देवाचं का तिचं ते त्यांनाही कळत नव्हतं. आणि तेव्हा त्यांच्या मनगटावरचं काकण थरथरलं. कडेने लाल रेघ पेटली. त्यांचीच नाडी धावत होती, त्यांचाच दाब चढला होता. सासूच्या भीतीवरून सुनेच्या दंडातल्या कुपीने औषध सोडलं, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा पुरेसं.

दवाखान्यात डॉक्टर तांबोळी दारातच उभ्या होत्या. समृद्धीला आत नेलं, दंडाला साधा जुना दाबपट्टा बांधला, शिरेत औषध सुरू केलं. मग डॉक्टरांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. तिथे समृद्धीच्या नावापुढे किती तरी दिवसांची हिरवी रेघ होती आणि अगदी टोकाला थोडीशी लाल.

"झटका घरी आला म्हणता. आणि हे तर वाटेत लाल झालंय. असं कसं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी समृद्धीचं उजवं मनगट उचललं. मग डावं. मग वर बघितलं.

सुवर्णाताई दारात उभ्या होत्या. डावा हात पदराखाली होता.

"हात दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी दाखवला.

डॉक्टरांनी काकणाची कडी उघडली, ते ट्रेमध्ये टाकलं, समृद्धीच्या पोटावर यंत्र फिरवून बघितलं, आणि नर्सला म्हणाल्या, "बाळाचे ठोके लागत नाहीयेत. वार सुटलीय. थिएटर उघडा."

मुलगी होती. दाट जावळ, निनादसारखं रुंद कपाळ. रडली नाही. सुवर्णाताईंच्या हातात तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून दिलं तेव्हा ती अजून कोमट होती.

समृद्धीचा श्वास दोन दिवस यंत्रावर होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सुवर्णाताईंना खोलीत बोलावलं. टेबलावर बशीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी ती कुपी होती, दंडातून काढलेली.

"ही जवळजवळ भरलेली निघाली," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "एव्हाना रिकामी होऊन दुसरी बसवायला हवी होती. तिला रोज जे मिळायला हवं होतं ते मिळालंच नाही, कारण काकणाला वाटलं, या बाईला औषधाची गरजच नाही. वारेत रक्त नव्हतं, दाब चढत होता, आणि आम्ही इथे बसून हिरवी रेघ बघत होतो. मीसुद्धा. यंत्राने दोन फेऱ्या माफ केल्या, मी होऊ दिल्या."

"ती जास्त खात नव्हती हो," सुवर्णाताई म्हणाल्या. "खरंच नव्हती खात."

"मला माहीत आहे. प्रश्न खाण्याचा नव्हता. हे तिच्या आवरण्याने आवरणारं नव्हतं, म्हणून तर औषध होतं." डॉक्टरांनी कुपी बशीत उलटी केली. "तुमची तब्येत मात्र उत्तम आहे, सुवर्णाताई. या वयात असे आकडे मी कुणाचे पाहिले नाहीत."

टोमणा नव्हता तो. डॉक्टर थकल्या होत्या आणि जे दिसलं ते बोलून गेल्या. सुवर्णाताई खुर्चीचा हात धरून उठल्या. दारापर्यंत जाताना त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की उपास सगळा पोचला. एकही वाया गेला नाही. फक्त ज्या अंगाने केला त्याच अंगाला पोचला.

समृद्धी वाचली, पण हृदय सैल पडलं. स्नायू इतका दमला होता की अर्ध्याच ताकदीने चालत होता. पुन्हा गर्भ राहता कामा नये, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. निनाद होसूरहून आला होता. त्याने सगळं ऐकलं, मग बाहेरच्या बाकावर आईशेजारी बसला.

"मी रोज तुझ्या साखरेला शाब्बास म्हणत होतो," तो म्हणाला. मग उठत म्हणाला, "आई, तू घरी जा. इथे मी बघतो."

तो ओरडला असता तर त्यांना चाललं असतं. त्यानंतर तो आईशी कामापुरतंच बोलला, आणि रजा संपल्यावर परत गेला. बायकोला इतक्या लांब नेण्यासारखी तिची तब्येत नव्हती. तेव्हा घरात पुन्हा दोघीच राहिल्या.

समृद्धीने सासूला एका शब्दानेही दोष दिला नाही. एकदाच, कपड्यांच्या घड्या करताना म्हणाली, "आई, मी बारीक असते तर ही वेळच आली नसती."

"असं नाही गं राणी. डॉक्टर काय म्हणाल्या? औषध..."

"औषध बारीक बायकांना लागत नाही."

"त्यांनाही लागतं, समू. कुणालाही लागू शकतं."

घडी करून झाल्यावर समृद्धी उठून गेली.

त्यानंतर तिचं जेवण कमी होत गेलं. आधी भात सुटला, मग भाकरी अर्धी झाली, मग पाव. "भूक नाही" म्हणायची, आणि खोटं बोलत नसावी. डॉक्टर तांबोळींनी फोनवर बजावलं, "आता तिला खायला घाला. तिच्या हृदयाचा स्नायू भरून यायला हवा. वजन असं झपाट्याने उतरणं तिला परवडणार नाही." सुवर्णाताईंनी वरणाला तूप घातलं, लाडू केले, शेवग्याचं सूप केलं. सोमवारी त्या स्वतः पान वाढून तिच्यासमोर जेवायला बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. वाढलेलं सगळं संपवलं, ती बघून तरी खाईल म्हणून. समृद्धीने दोन घोट ताक घेतलं आणि पान बाजूला सारलं.

"एक घास," सुवर्णाताई म्हणाल्या. "माझ्या हाताने."

"नको ना, आई. खरंच नको."

गल्लीच्या टोकाला उज्ज्वलाचं शिवणकामाचं दुकान होतं. समृद्धीचे जुने ब्लाउज अंगात राहीनात म्हणून सुवर्णाताईंनी उज्ज्वलाला घरी बोलावलं. ती टेप गळ्यात टाकून आली, समृद्धीला आरशासमोर उभं केलं, छातीवरून टेप फिरवला, कमरेवरून फिरवला, आणि भुवया उंचावून मागे सरकली. झालं ते सगळं तिला माहीत होतं. पण बोलायचं काय हे न कळून माणूस बोलतो तसं ती चांगल्या मनाने बोलली.

"अगं समृद्धी, केवढी बारीक झालीस. ओळखूच येत नाहीस. चेहऱ्याला काय छान रेखीवपणा आलाय. काय केलंस गं? मलाही सांग."

समृद्धीने आरशात बघितलं. गळ्याखालची हाडं वर आली होती, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं होती. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागे, आता नुसतं उभं राहूनही ओठ फिके पडले होते. तिने मान थोडी तिरपी केली, एका बाजूने स्वतःला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. किती दिवसांनी आलेलं, लाजरं, मनापासूनचं हसू.

"काही विशेष नाही," ती म्हणाली. "अजून थोडं घट्ट धर, उज्ज्वलाताई. अजून उतरणार आहे."

सुवर्णाताई दारात ताट घेऊन उभ्या होत्या. ताटातला भात निवत होता.